नवी मुंबईच्या भूसंपादनाला पंचाण्णव गावांचा विरोध (१९७० ते १९९४) : मोबदल्याकडून वाट्याकडे

प्रस्तावना

नांदेडच्या रहिवाशास 'सिडको' हा शब्द एका वसाहतीचे नाव म्हणून परिचित आहे. गोदावरीच्या दक्षिण तीरावरील नवीन नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर (तत्कालीन औरंगाबाद) येथील नवे शहर ही दोन्ही शहर आणि औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजेच सिडकोची, निर्मिती होय. तथापि या महामंडळाची स्थापना मूलतः मुंबईच्या खाडीपलीकडे एक नवे शहर वसविण्यासाठी झाली होती. त्या शहरासाठी तत्कालीन ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांची शेतजमीन, मिठागरे व खाजणे संपादित करण्याचे ठरले. गावकऱ्यांनी त्यास दीर्घकाळ विरोध केला. हा विरोध महाराष्ट्रातील भूसंपादनाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा ठरला.

या लढ्याविषयी लिहिताना बहुधा जानेवारी १९८४ मधील गोळीबार आणि त्यातील हुतात्मे यांवर भर दिला जातो व तो रास्तच आहे. परंतु या लढ्याने भूसंपादनविषयक विचारात कोणता बदल घडविला, हा प्रश्न त्यामुळे काहीसा मागे पडतो. 'जमिनीची किंमत किती?' या प्रश्नाऐवजी 'जमिनीवर जे उभे राहणार आहे त्यात मूळ धारकाचा वाटा किती?' हा प्रश्न या लढ्याने पुढे आणला. मात्र वाटा मोजण्याचे माप सातबाराचा उताराच राहिले. त्यामुळे ज्यांच्या नावे जमीन नव्हती ते या यशाच्या परिघाबाहेर राहिले. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा विचार केला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) नवी मुंबईच्या भूसंपादनास झालेल्या विरोधाची ऐतिहासिक कारणे शोधणे. (२) साडेबारा टक्के योजनेचा आशय व मर्यादा स्पष्ट करणे. (३) या अनुभवाचा मराठवाड्यातील अभ्यासकांच्या दृष्टीने असलेला अर्थ तपासणे. लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून त्याचा भर संबंधित कायदे, शासननिर्णय आणि ज्ञात घटनाक्रम यांवर आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : खोतीपासून कुळकायद्यापर्यंत

पनवेल व उरण हे तालुके ज्या कुलाबा जिल्ह्यात होते (१९८१ पासून रायगड), त्या जिल्ह्याला शेतकरी चळवळीची मोठी परंपरा आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. अलिबाग तालुक्यातील चरी व परिसरातील कुळांनी १९३३ मध्ये खोतांविरुद्ध संप पुकारला आणि तो सुमारे सहा वर्षे चालला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालील या संपास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पाठिंबा होता. पुढे शेतकरी कामगार पक्षाने या जिल्ह्यात पाय रोवले, त्यामागे याच परंपरेचे बळ होते.

स्वातंत्र्योत्तर काळात १९४९ च्या कायद्याने खोती नष्ट झाली. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ मध्ये पुढे झालेल्या सुधारणेनुसार १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक झाल्याचे मानण्यात आले. जमिनीची किंमत वार्षिक हप्त्यांनी फेडण्याची सवलत कुळांना देण्यात आली होती. मराठवाड्यात याच स्वरूपाचे परिवर्तन हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० अन्वये घडून आले. त्यामुळे कुळाचे नाव मालक म्हणून सातबाऱ्यावर येणे म्हणजे काय, हे येथील वाचकास वेगळे सांगावयास नको.

या पार्श्वभूमीवर १९७० हे वर्ष पाहावे लागते. कुळकायद्याने मालक झालेल्या शेतकऱ्याची मालकी त्या वेळी जेमतेम तेरा वर्षांची होती. खोताच्या हातून सुटलेली जमीन तेरा वर्षांत शासनाच्या हाती जाणार, असा या भूसंपादनाचा अर्थ त्याच्या दृष्टीने होता. विरोधाची तीव्रता केवळ भावाच्या तफावतीतून समजत नाही. तिचे मूळ या अल्पजीवी मालकीत आहे.

नव्या शहराची कल्पना व जमिनीचे अर्थकारण

मुंबईची वाढ खाडीपलीकडे वळवावी, हा विचार एस. जी. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९५० च्या दशकाअखेरीस मांडला होता. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' या नियतकालिकातून जुळ्या शहराची संकल्पना विस्ताराने मांडली. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मुळे अशा शहरासाठी कायदेशीर चौकट उपलब्ध झाली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि १९७१ मध्ये तिची नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नियुक्ती झाली. ठाणे, पनवेल व उरण या तीन तालुक्यांतील ९५ गावांसह सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचे क्षेत्र या प्रकल्पाखाली आले. १९७३ मध्ये ठाणे खाडीवरील वाशीचा पूल वाहतुकीस खुला झाला.

या शहराच्या अर्थकारणाचा विचार केल्याशिवाय विरोधाचे स्वरूप स्पष्ट होत नाही. शासनाने सिडकोला दिलेले प्रारंभीचे भांडवल केवळ ३ कोटी ९५ लाख रुपये होते. एवढ्या रकमेत शहर उभे राहणे शक्य नव्हते. त्यामुळे जमीन हेच शहराचे खरे भांडवल मानले गेले. शेतीच्या भावाने जमीन घ्यावयाची, तिच्यावर रस्ते, पाणी, मलनिःसारण आदी सोयी करावयाच्या, विकसित भूखंड चढ्या दराने द्यावयाचे आणि त्या उत्पन्नातून पुढील विकास साधावयाचा, अशी ही रचना होती. जमिनीच्या वाढत्या किमतीचा लाभ सट्टेबाजांना न मिळता समाजाला मिळावा, म्हणून संपूर्ण जमीन सार्वजनिक मालकीची असावी, ही या रचनेमागील नियोजनकारांची भूमिका होती. ही भूमिका तत्त्वतः पुरोगामी होती, याविषयी दुमत होऊ नये. परंतु 'समाज' या शब्दात भविष्यात येणारा शहरवासी जेवढा गृहीत धरला गेला, तेवढा त्या जमिनीवर आधीपासून राहणारा शेतकरी गृहीत धरला गेला नाही. मूल्यवाढ शहरासाठी राखून ठेवली गेली आणि मूळ धारकाला मूल्यवाढीपूर्वीची किंमत देण्यात आली.

भूसंपादन अधिनियम, १८९४ मधील तरतुदींमुळे ही विषमता अधिक तीव्र झाली. या कायद्यानुसार कलम ४ खालील अधिसूचनेच्या दिनांकास असलेला बाजारभाव हा मोबदल्याचा आधार होता. अधिसूचना आणि प्रत्यक्ष निवाडा यांत अनेक वर्षे गेली, तरी भाव अधिसूचनेच्या दिवशीचाच राहत असे. दरम्यान शेजारच्या विकसित भूखंडांचे दर वाढत असलेले शेतकरी डोळ्यांनी पाहत होता. सप्टेंबर १९८४ मधील दुरुस्तीने निवाड्यासाठी घोषणेपासून दोन वर्षांची मुदत घालण्यात आली आणि दिलासा रक्कम १५ टक्क्यांवरून ३० टक्के करण्यात आली. ही दुरुस्ती देशभरातील तक्रारींतून आली होती. ९५ गावांचा अनुभव त्या तक्रारींचे एक ठळक उदाहरण होता.

विरोधाचे स्वरूप

या लढ्याचे नेतृत्व प्रामुख्याने शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील (१९२६–२०१३) यांनी केले. ते उरण तालुक्यातील जासई गावचे होते. त्यांनी पनवेल मतदारसंघाचे विधानसभेत अनेक वेळा आणि कुलाबा मतदारसंघाचे लोकसभेत दोन वेळा (१९७७ व १९८४) प्रतिनिधित्व केले. आगरी, कोळी, कराडी आदी समाजांतील शेतकरी, मच्छीमार व मिठागर कामगार हा या चळवळीचा पाया होता. स्त्रियांचा सहभागही लक्षणीय होता. भातशेती, खाडीतील मासेमारी आणि मिठागरातील हंगामी मजुरी यांवर येथील कुटुंबाचा चरितार्थ चालत असे. त्यामुळे जमीन गेली की केवळ एक व्यवसाय जात नसे, वर्षभराची संपूर्ण घडी विस्कटत असे. भरतीचे पाणी अडविणारे बांध, खाजणातील भातखाचरे आणि खाडीकडे जाणाऱ्या वाटा यांपैकी मोबदल्याच्या तक्त्यात केवळ जमिनीच्या क्षेत्रफळाला स्थान होते.

या विरोधाचे दोन स्तर दिसून येतात. पहिल्या स्तरावर 'जमीन देणार नाही' ही भूमिका होती. दुसऱ्या स्तरावर, प्रकल्प अटळ असल्याचे दिसू लागल्यानंतर, योग्य भाव, नोकऱ्या, गावठाण विस्तार आणि विकसित जमीन या मागण्या पुढे आल्या. काही टीकाकारांनी या बदलाकडे माघार म्हणून पाहिले. हे मत ग्राह्य धरता येत नाही. पहिल्या भूमिकेत शेतकरी विकासाच्या बाहेर उभा राहून त्यास नकार देत होता. दुसऱ्या भूमिकेत तो त्या विकासाचा भागीदार होण्याचा हक्क सांगत होता. सिडकोची सारी आर्थिक रचना मूल्यवाढीवर आधारलेली असल्यामुळे या दुसऱ्या मागणीने प्रकल्पाच्या गाभ्यालाच हात घातला.

जानेवारी १९८४

न्हावा-शेवा बंदराचा प्रकल्प आणि नव्या शहराचे भूसंपादन यांमुळे १९८० च्या दशकाच्या प्रारंभी उरण तालुक्यातील असंतोष वाढला होता. १६ जानेवारी १९८४ रोजी जासईजवळील दास्तान फाटा येथे आणि १७ जानेवारी रोजी पागोटे परिसरात आंदोलक शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. या दोन दिवसांत पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या वेळी राज्यात वसंतदादा पाटील यांचे सरकार होते. प्रतिवर्षी १६ व १७ जानेवारीस या भागात हुतात्म्यांना अभिवादन केले जाते. चिरनेर ते जासई हे अंतर नकाशावर अल्प आहे. एकाच तालुक्यात परकीय राजवटीत जंगलाच्या हक्कासाठी आणि स्वकीय राजवटीत जमिनीच्या हक्कासाठी गोळीबारास सामोरे जावे लागले, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदविणे आवश्यक आहे.

गोळीबारानंतर प्रश्नाचे स्वरूप पालटले. केवळ रोख मोबदल्याची रक्कम वाढवून हा प्रश्न सुटणार नाही, हे उत्तरोत्तर स्पष्ट होत गेले.

साडेबारा टक्के योजना : आशय व मर्यादा

१९९० मध्ये शासनाने संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ धारकांना देण्याचा निर्णय घेतला. १९९४ मधील शासननिर्णयाने योजनेची व्याप्ती वाढविण्यात आली आणि पूर्वी ज्यांची जमीन संपादित झाली होती त्यांनाही तिचा लाभ मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. १९७० मध्ये शेतकरी हा केवळ 'हितसंबंधित व्यक्ती' होता. १९९४ पर्यंत त्याचा शहराच्या भूमीवरील अंशतः हक्क शासनाने मान्य केला. हा या चोवीस वर्षांतील सर्वांत मोठा बदल होय.

योजनेच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत.

पहिली मर्यादा प्रमाणाची आहे. साडेबारा टक्क्यांपैकी पावणेचार टक्के क्षेत्र सार्वजनिक सुविधांसाठी वजा होत असल्याने धारकाच्या हाती पावणेनऊ टक्केच येत. म्हणजे एक एकर, अर्थात ४० गुंठे जमीन गेलेल्या खातेदाराच्या वाट्याला साडेतीन गुंठे येत. एका खात्यावर अनेक वारस असल्यास प्रत्येकाचा हिस्सा नगण्य होत असे.

दुसरी मर्यादा हक्काच्या स्वरूपाची आहे. हे भूखंड मालकी हक्काने न देता साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यात आले. १९५७ मध्ये कुळाचा मालक झालेला शेतकरी अशा रीतीने पुन्हा पट्टेदार झाला. कुळकायद्याच्या इतिहासाशी परिचित असलेल्या अभ्यासकास यातील विपर्यास सहज जाणवेल.

तिसरी मर्यादा काळाची आहे. वाटप वर्षानुवर्षे रेंगाळले. प्रपंचाच्या गरजांपोटी अनेकांनी भूखंड हाती येण्यापूर्वीच अथवा येताच विकासकांशी करार केले. परिणामी वाटा मिळाला, परंतु पुष्कळ ठिकाणी त्याची पुढील मूल्यवाढ अन्यत्र गेली.

चौथी मर्यादा सर्वांत मूलभूत आहे. योजनेचा आधार संपादित जमिनीचे क्षेत्र हा होता. खाडीत मासे धरणारा कोळी, मिठागरावरील मजूर, दुसऱ्याच्या शेतात भातलावणी करणारी स्त्री यांचा चरितार्थ त्याच भूमीशी निगडित होता, पण त्याची नोंद सातबाऱ्यावर नव्हती. रोख मोबदला असो वा विकसित भूखंड, दोन्ही नोंदीमागोमाग गेले. तसेच वाढत्या कुटुंबांनी गावठाणाबाहेर, संपादित ठरलेल्या जमिनीवर बांधलेली घरे 'अनधिकृत' ठरली. ती नियमित करण्याचा प्रश्न पुढे अनेक दशके चर्चेत राहिला.

वसई व किल्लारी : दोन तुलना

येथे राज्यातील अन्य दोन अनुभवांचा विचार उपयुक्त ठरेल.

पहिला वसईचा. १९८० च्या दशकाअखेरीस वसई तालुक्यातील हरित पट्टा बांधकामास खुला करण्याच्या धोरणाविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीने चळवळ केली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे तिचे अग्रणी होते. २०२० मध्ये धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून मराठवाड्यास त्यांचा परिचय आहे. वसईतील चळवळीने पाणी, बागायत आणि हिरवा परिसर यांचे रक्षण हा मुद्दा मांडला. वाट्याची मागणी हा तिचा मुख्य विषय नव्हता. गृहबांधणीस होणारा स्थानिक विरोध एकाच प्रकारचा नसतो, हे यावरून दिसून येते. जेथे संपादन आधीच झालेले असते तेथे वाट्याचा, आणि जेथे निर्णय अद्याप बदलता येण्याजोगा असतो तेथे रक्षणाचा प्रश्न अग्रभागी येतो.

दुसरा अनुभव लातूर-धाराशिव परिसरातील आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपानंतर ५२ गावांचे संपूर्ण स्थलांतर करण्यात आले. हे स्थलांतर आपत्तीनंतरचे पुनर्वसन होते, तेव्हा त्याची तुलना नवी मुंबईशी सरसकट करणे योग्य होणार नाही. मात्र ग्रामीण भूमीवर अल्पावधीत झालेली ती मराठवाड्यातील सर्वांत मोठी नियोजित गृहबांधणी होती. तेथे घराचा आकार कुटुंबाच्या जमीनधारणेवरून ठरला. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टर असणाऱ्यांना ४५० चौरस फूट आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५० चौरस फुटांचे घर देण्यात आले. माळवदी घरांच्या दाट वस्तीऐवजी सरळ रेषेतील रुंद रस्त्यांची आखणी झाली. जनावरे, शेतीची अवजारे व बलुतेदारांचे व्यवसाय यांची सोय या नव्या रचनेत कितपत झाली, याविषयी नाराजी व्यक्त झाली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, भूकंपाने सर्वांची घरे सारखीच पाडली होती, तरी नवे घर मात्र सातबारा पाहून मिळाले. १९९४ मध्ये खाडीकाठी आणि तेरणाकाठी राबविलेल्या धोरणांच्या मुळाशी एकच माप होते.

पुढील काळातील पडसाद

साडेबारा टक्क्यांचे तत्त्व पुढे अन्य प्रकल्पांना आधारभूत ठरले. नवी मुंबई विमानतळासाठी २०१४ मध्ये साडेबावीस टक्के विकसित जमिनीचा पर्याय देण्यात आला. केंद्राच्या भूसंपादन, पुनर्वसन व पुनर्वसाहत अधिनियम, २०१३ मध्ये नागरीकरणासाठी संपादन झाल्यास विकसित जमिनीपैकी २० टक्के जमीन राखून ठेवण्याची आणि ती मूळ जमीनधारक कुटुंबांना संपादन व विकासाच्या खर्चाइतक्या किमतीत देऊ करण्याची तरतूद आली. त्याच कायद्याने 'बाधित कुटुंब' या व्याख्येत शेतमजूर, कुळे व त्या भूमीवर उपजीविका असणाऱ्या अन्य घटकांचा समावेश केला आणि सामाजिक परिणामांचे पूर्वमूल्यमापन आवश्यक मानले. १९९४ च्या योजनेतील सर्वांत मूलभूत उणीव दूर करण्याचा हा प्रयत्न होय. विमानतळास दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे, यासाठी २०२१ मध्ये मोठी आंदोलने झाली. २०२२ मध्ये राज्य विधिमंडळाने तसा ठराव केला. या मागणीमागे केवळ एका नेत्याविषयीचा आदर नव्हता. शहराच्या इतिहासात मूळ गावांची नोंद व्हावी, ही भावनाही तीत होती.

निष्कर्ष

१. ९५ गावांचा विरोध हा विकासास आंधळा नकार नव्हता. कुळकायद्याने नुकत्याच मिळालेल्या मालकीच्या रक्षणाची ती कृती होती.

२. जमिनीच्या मूल्यवाढीतून शहर उभारण्याची रचना आणि अधिसूचनेच्या दिवशी गोठणारा मोबदला यांच्या संयोगातून संघर्ष अपरिहार्य झाला.

३. साडेबारा टक्के योजनेने मोबदल्याच्या जागी वाट्याचे तत्त्व प्रस्थापित केले. हे या लढ्याचे स्थायी योगदान होय.

४. वाटा सातबाऱ्याशी जोडला गेल्याने भूमिहीन, मच्छीमार, मजूर व स्त्रिया या लाभापासून मोठ्या प्रमाणावर वंचित राहिल्या. किल्लारी परिसरातील पुनर्वसनातही याच मापाचा प्रत्यय येतो.

५. विरोधाची दखल जितकी उशिरा घेतली जाते तितकी ती घेण्याची सामाजिक किंमत वाढते. १९९० मध्ये जे मान्य झाले ते १९७० मध्ये चर्चेला घेतले गेले असते, तर पाच जणांचे प्राण जाण्याची वेळ कदाचित आली नसती.

समारोप

मराठवाड्यात शहरांच्या कडेची शेती झपाट्याने बिगरशेती होत आहे. २०२४ पासून शक्तिपीठ महामार्गाच्या प्रस्तावित भूसंपादनालाही या विभागातील शेतकऱ्यांनी विरोध दर्शविला. अशा वेळी भावाचा आकडा हाच चर्चेचा विषय होतो. नवी मुंबईचा इतिहास दोन प्रश्न अधिक विचारावयास शिकवितो. भूमीचे मूल्य वाढल्यावर त्यातील किती भाग मूळ धारकाकडे राहणार? आणि ज्यांचे नाव उताऱ्यावर नाही, पण ज्यांचे पोट त्या भूमीवर आहे, त्यांची गणना कोण करणार? पहिल्या प्रश्नाचे अंशतः उत्तर ९५ गावांनी मिळविले. दुसऱ्याचे उत्तर २०१३ च्या कायद्यात शब्दांनी आले आहे. ते प्रत्यक्षात कितपत उतरते, हे महाविद्यालयीन अध्यापक व विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यातील संपादनाचे निवाडे, फेरफार नोंदी आणि बाधित कुटुंबांच्या मुलाखती यांच्या आधारे तपासावयास हवे. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासाचे ते एक महत्त्वाचे क्षेत्र होय.